विश्लेषण : यकृताच्या कर्करोगात ‘मिथायलेशन’ काय सांगते?

यकृताचा कर्करोग असल्याचे कळले, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘डॉक्टर, किती दिवस?’ कोल्हापुरातील डी. वाय. पाटील रुग्णालय असो वा मुंबईचे टाटा, डॉक्टर गाठींची संख्या व आकार, त्या रक्तवाहिनीत शिरल्या आहेत का, यकृतात किती ताकद उरली आहे आणि रक्तातील ‘अल्फा फीटोप्रोटीन’ किती, हे पाहून अंदाज देतात. तरीही एकाच टप्प्यातील दोन रुग्णांपैकी एक काही वर्षे जगतो, दुसरा काही महिन्यांत जातो. हा फरक आधीच ओळखता यावा म्हणून संशोधकांचे लक्ष डीएनए मिथायलेशनकडे गेले आहे.

मिथायलेशन म्हणजे काय?

सातबाऱ्यावर बोजा चढला की जमीन तीच राहते, नावही तेच. व्यवहार मात्र अडतो. डीएनएतही तसेच होते. ‘सी’ या अक्षराला एक कार्बन व तीन हायड्रोजनचा मिथाइल गट चिकटतो. जनुकाच्या सुरुवातीला असे गट दाटले, की एकही अक्षर न बदलता ते जनुक सहसा गप्प होते. पेशींच्या बेसुमार वाढीला लगाम घालणारी ‘आरएएसएसएफ१ए’, ‘पी१६’ ही जनुके यकृताच्या कर्करोगात अनेकदा अशीच बंद पडलेली आढळतात.

ते रक्तातून कसे कळते?

गाठीतील पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात. त्यांवर या खुणा शाबूत असतात. म्हणजे यकृतात सुई न घालताही त्या वाचता येतात. चिनी व अमेरिकी संशोधकांनी २०१७ मध्ये १,०९८ रुग्ण आणि ८३५ निरोगी व्यक्तींचे रक्त तपासले. निदानासाठी १० खुणा निवडल्या. आयुर्मानाच्या अंदाजासाठी ८ खुणांचा गुणांक तयार केला. गुणांकानुसार धोका जास्त ठरलेल्या गटाचे आयुष्य खरोखरच कमी भरले.

मग ही चाचणी करून घ्यावी का?

उपचार ठरवण्यासाठी आज तरी नाही. गुणांक गटाचा कल सांगतो, एखाद्या माणसाची तारीख नव्हे. शिवाय चीनमध्ये या कर्करोगामागे मुख्यतः हेपॅटायटिस बी असतो; आपल्याकडे दारू आणि मधुमेह-स्थूलतेबरोबर येणारे चरबीयुक्त यकृत यांचाही वाटा आहे. तिकडचे गणित इथल्या रुग्णांवर पडताळल्याशिवाय कसे लावायचे? हाती पैसे मोजकेच असतील, तर सिरोसिसच्या रुग्णाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी केलेली बरी. गाठ लहान असतानाच सापडली, तर ती काढून टाकण्याचा किंवा जाळून नष्ट करण्याचा मार्ग अजून खुला असतो.