गर्भाशय कशाच्या आधारावर राहते?

गाय व्यायल्यावर तिचे मायांग बाहेर आले, तर आपल्या नार्व्यातील शेतकरी रात्रीसुद्धा गुरांच्या डॉक्टरकडे धाव घेतो. पण घरातील बाईचे अंग बाहेर येऊ लागले, तर ती वर्षानुवर्षे कोणाला सांगत नाही. लाज हे एक कारण, आणि आतील रचना ठाऊक नसणे हे दुसरे. म्हणून ह्या वेळी आम्ही त्या रचनेविषयी सरळ लिहीत आहोत. पुरुषांनीही हे वाचावे.

कमरेखाली हाडांचे एक कडे असते. त्याला कटीर म्हणतात. दोन्ही बाजूंना नितंबांची हाडे, मागे त्रिकास्थी आणि त्याच्या टोकाला माकडहाड. बाळाला वाट मिळावी म्हणून स्त्रीचे कटीर पुरुषापेक्षा रुंद असते. त्याचे वरचे तोंड आडवे रुंद, तर खालचे पुढून मागे लांब असते. म्हणूनच जन्मताना बाळाचे डोके वळत वळत खाली येते.

ह्या कड्यात पुढे मूत्राशय, मागे गुदाशय आणि मध्ये गर्भाशय असते. ते उलट्या धरलेल्या लहान पेरूसारखे, सुमारे साडेसात सेंटिमीटर लांब असते. त्याचे तोंड खाली योनिमार्गात उघडते. वर दोन्ही बाजूंना सुमारे १० सेंटिमीटरच्या गर्भनलिका आणि त्यांच्या टोकांशी बदामाएवढे बीजांडकोश असतात. एरवी ५०-६० ग्रॅम वजनाचे गर्भाशय दिवस भरेपर्यंत सुमारे १ किलोचे होते. बाळंतपणानंतर पूर्ववत होण्यास त्याला सुमारे ६ आठवडे लागतात.

हे गर्भाशय जागेवर कसे राहते? वरच्या बाजूने मजबूत बंध त्याला कटीराच्या हाडांशी धरून ठेवतात. खालून स्नायूंची झोळी त्याला पेलते. बाळंतपणात हे बंध व ही झोळी ताणली जातात. खाजनाचा नवा बांध ओला असताना त्यावर पाण्याचा जोर आला तर तो खचतो, तसेच येथे होते. बाळंतीण लगेच पाण्याची घागर किंवा भाताचा भारा उचलू लागली, की पोटातील दाब त्या कच्च्या झोळीवर येतो. पुष्कळ बाळंतपणे, जुनाट खोकला आणि शौचाला कुंथणे ह्यांनीही झोळी सैल होते. पोट घट्ट आवळून बांधल्याने मात्र गर्भाशय वर बसत नाही.

ओटीपोटात जडपणा, संध्याकाळी वाढणारी कंबरदुखी, खाली काही उतरल्यासारखे वाटणे, खोकताना लघवी सुटणे, ही लक्षणे ओळखावी. लघवी अजिबात होत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सुरुवातीला व्यायामाने गुण येतो. लघवी व वारा रोखावा तसे खालचे स्नायू आत ओढावे, पाच अंक मोजावे, मग सैल सोडावे. श्वास रोखू नये. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने करावे. जास्त उतरले असेल तर डॉक्टर आधाराची कडी बसवतात किंवा शस्त्रक्रिया करतात. दर वेळी पिशवी काढावीच लागते असे नाही. आपल्या गोव्यातील शिरोड्यात १८९९ साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर ह्यांनी गर्भाशय न काढता ते पट्टीने वर टांगून ठेवण्याची शस्त्रक्रिया शोधून काढली. गर्भ अकाली पडू नये म्हणून गर्भाशयाच्या तोंडाला घालायचा त्यांचा टाका १९५५ पासून जगभर प्रसिद्ध आहे.

तपासणी डिचोलीच्या आरोग्य केंद्रात किंवा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात करून घेता येते. आणि घरच्यांना आमचे एवढेच सांगणे: सरदाची लावणी असो वा वायंगणाची कापणी, बाळंतिणीने ६ आठवडे तरी बाळापेक्षा जड काही उचलू नये. तेवढे दिवस भारा दुसऱ्या कोणीतरी उचलावा.