निओडिमियम : विपुल खनिज, दुर्मीळ धातू

‘दुर्मीळ मृदा’ या नावाखाली एकूण सतरा मूलद्रव्ये येतात : पंधरा लँथेनाइडे आणि त्यांच्या जोडीला स्कँडियम व यट्रियम. हे नाव मात्र काहीसे फसवे आहे. या गटातील निओडिमियम (अणुक्रमांक ६०) भूकवचात शिशापेक्षाही अधिक प्रमाणात आढळते. तरीही त्यापासून बनणाऱ्या चुंबकांचा पुरवठा २०२५ मध्ये खंडित होताच भारतासह अनेक देशांतील वाहन उद्योगापुढे उत्पादन थांबण्याचे संकट उभे राहिले. भूगर्भात विपुल असलेला पदार्थ बाजारात दुर्मीळ का होतो, हा या विषयातील मूळ आर्थिक प्रश्न आहे.

औद्योगिक उपयोग

ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल आऊअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ मध्ये हे मूलद्रव्य वेगळे केले. त्यानंतर दीर्घकाळ त्याचा उपयोग काचेला जांभळी छटा देणे, विशिष्ट संरक्षक चष्मे आणि पुढे लेसर यांपुरताच मर्यादित होता. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी जपानमधील सुमितोमो स्पेशल मेटल्स आणि अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपन्यांच्या संशोधकांनी स्वतंत्रपणे निओडिमियम, लोह व बोरॉन यांच्या संमिश्राचा चुंबक विकसित केला. व्यापारी वापरातील हा सर्वांत शक्तिशाली कायमस्वरूपी चुंबक होय. संगणकाच्या हार्ड डिस्कपासून विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या मोटारींपर्यंत आणि पवनचक्क्यांच्या जनित्रांपर्यंत त्याचा वापर होतो. चुंबकाच्या वजनात दुर्मीळ मृदा धातूंचा वाटा सुमारे ३० टक्के असतो. उच्च तापमानातही चुंबकत्व टिकावे यासाठी त्यात डिस्प्रोसियम किंवा टर्बियम अल्प प्रमाणात मिसळतात.

पुरवठ्याची साखळी

निओडिमियम निसर्गात शुद्ध स्वरूपात सापडत नाही. मोनाझाइट, बॅस्टनेसाइट यांसारख्या खनिजांत ते आपल्या भावंडांसह एकत्र असते. या मूलद्रव्यांचे रासायनिक गुणधर्म इतके सारखे आहेत की, ती वेगळी करण्यासाठी द्रावकांच्या साहाय्याने तीच क्रिया शेकडो टप्प्यांत करावी लागते. त्यानंतर ऑक्साइडपासून धातू, धातूपासून संमिश्र आणि संमिश्रापासून चुंबक अशी साखळी पूर्ण होते. या प्रक्रियेत आम्लयुक्त आणि काही वेळा किरणोत्सारी टाकाऊ पदार्थही निर्माण होतात.

१९८० च्या दशकापर्यंत अमेरिकेतील माउंटन पास ही खाण या क्षेत्रात अग्रेसर होती. पुढे चीनने बायान ओबो येथील लोहखनिजासोबत मिळणाऱ्या दुर्मीळ मृदांच्या बळावर ही जागा घेतली. आज जागतिक खाणउत्पादनात चीनचा वाटा सुमारे ७० टक्के, तर विलगीकरण व चुंबकनिर्मितीत ९० टक्क्यांच्या आसपास आहे. खरी मक्तेदारी साखळीच्या मधल्या दुव्यांत आहे, हे यावरून स्पष्ट होते.

किमतीचे अर्थशास्त्र

दुर्मीळ मृदा हे संयुक्त पुरवठ्याचे उत्तम उदाहरण आहे. भारतीय मोनाझाइटमधील दुर्मीळ मृदांपैकी सुमारे दोन-तृतीयांश भाग सिरियम व लँथॅनमचा, तर साधारण एक-पंचमांश निओडिमियमचा असतो. निओडिमियमची मागणी वाढली म्हणून उत्पादन वाढवले, की सिरियम व लँथॅनमही त्याच प्रमाणात बाहेर येतात आणि त्यांचे भाव कोसळतात. त्यामुळे खाणीचा बहुतेक खर्च निओडिमियमच्या विक्रीतूनच भरून काढावा लागतो. तांबे किंवा ॲल्युमिनियमच्या तुलनेत ही बाजारपेठ अत्यंत लहान असल्याने एका देशाचा निर्णयही भाव हलवण्यास पुरेसा ठरतो.

चीनने २०१० मध्ये निर्यात कोटा सुमारे ४० टक्क्यांनी घटवला. २०११ च्या मध्यापर्यंत चीनबाहेर निओडिमियम ऑक्साइडची किंमत २००९ च्या तुलनेत दहापटींहून अधिक झाली. जागतिक व्यापार संघटनेत चीनविरुद्ध निर्णय लागला आणि २०१५ मध्ये कोटा रद्द झाला. तोपर्यंत भावही उतरले होते. चढ्या भावाच्या आशेने माउंटन पास खाण पुन्हा सुरू करणारी मॉलिकॉर्प ही कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. २०२२ च्या प्रारंभी भावाने पुन्हा उच्चांक गाठला, पण २०२४ पर्यंत तो जवळजवळ एक-तृतीयांशावर आला.

चढे भाव नव्या उत्पादकांना आमंत्रण देतात आणि पडते भाव त्यांना संपवतात. म्हणूनच पर्यायी पुरवठा उभारण्यातील खरा अडसर स्वस्ताईचा आहे. हे ओळखून अमेरिकेच्या संरक्षण विभागाने जुलै २०२५ मध्ये माउंटन पासच्या विद्यमान मालक कंपनीला, एमपी मटेरियल्सला, निओडिमियम-प्रासिओडिमियमसाठी किलोमागे ११० डॉलरच्या किमान किमतीची हमी दिली. हा दर तत्कालीन बाजारभावापेक्षा बराच अधिक होता.

भारताची स्थिती

केरळ, तमिळनाडू, ओडिशा व आंध्र प्रदेशाच्या किनारी वाळूत मोनाझाइटचे मोठे साठे आहेत. शासकीय माहितीनुसार देशात १.३१ कोटी टनांहून अधिक मोनाझाइट असून त्यात सुमारे ७२ लाख टन दुर्मीळ मृदा ऑक्साइड आहे. मोनाझाइटमध्ये थोरियम असल्याने त्यावर अणुऊर्जा कायद्याचे नियंत्रण आहे. १९५० मध्ये स्थापन झालेली इंडियन रेअर अर्थ्स, म्हणजेच आजची आयआरईएल, ओडिशातील छत्रपूर व केरळमधील अलुवा येथे त्यावर प्रक्रिया करते. चुंबकांच्या बाबतीत मात्र देश मुख्यतः आयातीवर अवलंबून राहिला.

एप्रिल २०२५ मध्ये चीनने डिस्प्रोसियम व टर्बियमसह सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांचा अंश असलेल्या चुंबकांच्या निर्यातीस परवाना सक्तीचा केला, तेव्हा या अवलंबित्वाची किंमत कळली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिच्याद्वारे वर्षाला ६,००० टन चुंबकांची क्षमता उभारायची आहे. पूर्ण क्षमतेने उत्पादन झाल्यास सुमारे १,८०० टन दुर्मीळ मृदा धातू लागतील. देशात सध्या मिळणाऱ्या निओडिमियमपेक्षा ही गरज कितीतरी मोठी आहे. म्हणजेच चुंबकांच्या कारखान्यांसोबत खाणकाम, विलगीकरण आणि धातुनिर्मिती यांचाही विस्तार झाला पाहिजे.

योजनेतील विक्रीशी निगडित प्रोत्साहन पाच वर्षांसाठी आहे. त्यानंतर जागतिक भाव कोसळले तर देशी चुंबक महाग ठरतील आणि ग्राहक उद्योग पुन्हा आयातीकडे वळतील. दीर्घ मुदतीचे खरेदी करार, किमान किमतीची हमी आणि टाकाऊ चुंबकांचे पुनश्चक्रण हे त्यावरील उपाय आहेत. त्यांचा भार अखेर करदात्यावर किंवा ग्राहकावर पडेल, हे नाकारता येत नाही. तो भार विम्याच्या हप्त्यासारखा आहे. हा हप्ता किती असावा आणि तो किती वर्षे भरावा, याचा निर्णय भाव चढलेले असतानाच झाला पाहिजे. भाव उतरल्यावर या प्रश्नाची निकड कोणालाच जाणवत नाही, हेच २०११ नंतरच्या दशकाने दाखवून दिले आहे.