समानार्थी म्हणजे सारखे नव्हेत

गेल्या हिवाळ्यात माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने शाळेत इंग्रजी निबंध लिहिला. विषय होता, 'माझी भारतातली आजी'. घरी येऊन ती मोठ्या अभिमानाने वाचून दाखवायला लागली. पहिल्याच परिच्छेदात आजी तिला 'भूक लागली का' म्हणून 'इंटरॉगेट' करत होती! माझ्या हातातला चहा सांडायचाच बाकी राहिला. म्हटलं, "अगं, आजी काय पोलिसात आहे का? साधं 'आस्क' लिही की."

"बाबा, 'आस्क' बोअरिंग आहे. टीचर म्हणते, स्ट्राँग शब्द वापरा."

इकडच्या बऱ्याच शाळांमध्ये 'सेड इज डेड' नावाचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो. 'म्हणाला' या एका शब्दाऐवजी वापरता येतील असे पन्नासेक शब्द त्यावर असतात. हेतू चांगलाच आहे, मुलांचा शब्दसंग्रह वाढावा. पण लेक त्या तक्त्याकडे आइस्क्रीमच्या दुकानात बघावं तशी बघते. जो शब्द जास्त रंगीत, तो उचलायचा. आजीने केलेली विचारपूस त्यामुळे उलटतपासणी झाली. आम्ही खूप हसलो आणि विसरून गेलो.

फेब्रुवारीत माझे बाबा गेले. मिळेल त्या विमानाने मी एकटाच कराडला गेलो, दिवस उरकून परत आलो. त्यानंतरच्या शनिवारी मराठीच्या वर्गात मुलांना आजी-आजोबांना पत्र लिहायचं होतं. लेकीने लिहिलं, "प्रिय आजी, आजोबा मेले म्हणून मला खूप वाईट वाटलं."

व्याकरणात एकही चूक नव्हती. मोठ्या माणसांसाठी अनेकवचन वापरायचं हे मी तिला दोन वर्षं घोकून शिकवतोय. ते तिने बरोबर लक्षात ठेवलं होतं. 'मेला' नव्हे, 'मेले' लिहिलं होतं. तरीही तो शब्द वाचून माझ्या पोटात खड्डा पडला. हे पत्र आईच्या हातात पडलं तर?

"हा शब्द नको," मी म्हटलं.

"का? चुकलाय?"

"चुकला नाहीये."

"मग?"

या 'मग'चं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तिने फोन घेतला आणि दुसरे शब्द शोधले. निधन, मृत्यू, देहान्त, स्वर्गवास, देहावसान. त्यातला सगळ्यात भारदस्त तिने निवडला. "आजोबांचे देहावसान झाले." आता ते पत्र वर्तमानपत्रातल्या शोकसंदेशासारखं वाटायला लागलं. आधीच्या शब्दाने आजीला लागलं असतं आणि नव्या शब्दाने नात परकी वाटली असती.

त्या रात्री विचार करताना मला माझीच शाळा आठवली. समानार्थी शब्द लिहा: सूर्य म्हणजे रवी, भास्कर, भानू. पाणी म्हणजे जल, नीर, उदक. मला त्यात कायम पैकीच्या पैकी गुण! पण यातला कुठला शब्द कुठे वापरायचा, हे एकाही परीक्षेत विचारलं नव्हतं. ते विचारायची गरजही नव्हती, कारण आजूबाजूचं सगळं गावच ते शिकवत होतं. घरी आलेल्या पाहुण्याला 'उदक देऊ का' असं कुणी म्हणत नाही, हे आम्हाला शिकवावं लागलं नाही. मुंगी मरते, गाय मरते, शेजारचे काका मात्र वारतात. लढाईत पडलेला सैनिक धारातीर्थी पडतो, संत समाधी घेतात आणि भिंतीवरच्या तसबिरीखाली 'कै.' लिहिलेलं असतं. एकाच घटनेला इतके शब्द असण्याचं कारण म्हणजे प्रत्येक शब्दात बोलणारा आणि गेलेला यांचं नातं दडलेलं असतं.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे यंत्र हे कसं हाताळतं याचंही कुतूहल होतं. प्रिन्स्टन विद्यापीठात १९८५ मध्ये 'वर्डनेट'चं काम सुरू झालं. पुढे आयआयटी मुंबईत त्याच धर्तीवर हिंदी आणि मराठी वर्डनेट तयार झालं. त्यात शब्द वर्णानुक्रमाने मांडलेले नसतात, अर्थानुसार त्यांचे संच केलेले असतात. दोन शब्द एका संचात घालायची कसोटी अशी, की निदान एखाद्या संदर्भात तरी एकाच्या जागी दुसरा चालला पाहिजे. सगळी मेख त्या 'एखाद्या संदर्भात' आहे! शब्दांची यादी हातात येते, संदर्भ मात्र ज्याचा त्याने आणायचा असतो. आणि कॅनडात वाढणाऱ्या मराठी मुलांकडे नेमका तोच नाही.

इंग्रजीत तो त्यांच्याकडे भरपूर आहे. बाहेर 'स्नो' आहे की 'स्लश', हे लेकीला शब्दकोशात बघावं लागत नाही. बुटात गार चिखल शिरला की कळतं. मला मात्र दोन्ही बर्फच! उलट रिमझिम, रिपरिप, सर, झड, वळीव, मुसळधार हे सगळं तिच्यासाठी नुसतं 'पाऊस'. यात तिची काय चूक? कराडचा पावसाळा तिने आयुष्यात एकदाच पाहिलाय, तोही तीन आठवडे.

आमचा शनिवारचा वर्ग पालकच चालवतात, आळीपाळीने शिकवतात. ऑन्टारियोमध्ये शाळांमार्फत घरच्या भाषा शिकवण्याचा कार्यक्रम १९७७ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याचं नाव होतं 'हेरिटेज लँग्वेजेस', म्हणजे वारशाच्या भाषा. पुढे ते बदलून 'इंटरनॅशनल लँग्वेजेस' झालं. भाषा त्याच, वर्ग तेच. पण 'वारसा' म्हटलं की आजी आठवते आणि 'आंतरराष्ट्रीय' म्हटलं की विमानतळ. शब्द बदलला की काय बदलतं, याचं उदाहरण घरबसल्याच मिळालं.

माझी पाळी आली तेव्हा मी वर्गात एक दोरी बांधली. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी मुलांनी रागाचे शब्द त्यावर लावायचे, सौम्य डावीकडे आणि जहाल उजवीकडे. चिडणे, रागावणे, संतापणे, खवळणे भराभर लागले. 'रुसणे' कुठे लावायचं यावर मात्र भांडण जुंपलं. बहुतेकांचं मत होतं, सगळ्यात डावीकडे. एक मुलगा ऐकेना. म्हणाला, "आपण आईवर रुसतो. बसच्या ड्रायव्हरवर नाही रुसत." वर्ग गप्प झाला. मीसुद्धा! मी फक्त 'किती राग' एवढंच मोजत होतो, त्याने 'कुणावर' हे दाखवून दिलं. 'रुसणे' मग दोरीवरून काढून फळ्यावर वेगळं लिहिलं.

दुसऱ्या शनिवारी चालण्याचे शब्द मुलांनी प्रत्यक्ष चालून दाखवले. रेंगाळत, लगबगीने, तुरुतुरु, पाय ओढत. 'जपून पाऊल टाकत' हे तर त्यांना शिकवावंच लागलं नाही, बर्फाळ फुटपाथने आधीच शिकवलं होतं. तिसऱ्या शनिवारी मी एक छोटी गोष्ट वाचली आणि प्रत्येक 'म्हणाला'च्या जागी उद्गारला, गरजला, पुटपुटला, किंचाळला असं घातलं. एक मुलगी म्हणाली, "काका, हे सगळे लोक इतका ड्रामा का करतायत?" साधा शब्द कधी कधी सगळ्यात योग्य असतो, हे मुलांना एवढ्यावरच कळलं.

मग मी त्यांना आपल्याकडची गंमत सांगितली. पूजेत नारळ फोडला तरी 'वाढवला' म्हणायचं. रात्री दुकान बंद केलं तरी 'वाढवलं'. बांगडी फुटली तर 'वाढवली'. मुलं खो खो हसली. नारळ मोठा होतो का? पण लेकीने विचारलं, "असं का म्हणतात?" मी म्हटलं, "काही शब्द उच्चारले की वाईट वाटतं. म्हणून लोक त्यांना वळसा घालून जातात. घरातून निघताना आजी आपल्याला काय सांगते? 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं."

"म्हणजे 'जातो' म्हणजे डेड?"

"तसं नाही. पण 'जाणे' या शब्दात तेही असतं."

घरी आल्यावर तिने ते अर्धवट पत्र बाहेर काढलं आणि 'देहावसान' खोडलं. 'आजोबा गेले' एवढंच लिहून थांबली.

"बाबा, आजीला वाटेल का, मार्केटला गेले?"

"नाही वाटणार."

"कसं कळेल तिला?"

"कळतं."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पुढे लिहायला लागली. ते मी नंतर वाचलं. "आता सकाळी तू एकटीच चहा पितेस का? तुला रात्री भीती वाटते का? तू जेवतेस ना?" यातला एकही शब्द तिने फोनवर शोधला नव्हता.

मुलांना समानार्थी शब्द शिकवू नयेत असं मी म्हणणार नाही. याद्या हव्यातच, त्याशिवाय निवड कशातून करणार? पण यादी देऊन आपलं काम संपत नाही. तो शब्द कोण कुणाला म्हणतं, तो ऐकल्यावर समोरच्याला काय वाटतं, हे सांगायला घरातलं माणूसच लागतं. गावाकडे हे काम सगळे मिळून नकळत करायचे. इथे ते आई-बाबांना मुद्दाम करावं लागतं, आणि त्यासाठी आठवड्यातले दोन तास पुरत नाहीत.

पत्र पोचायला तीन आठवडे लागले. त्या दिवशी आईचा व्हिडिओ कॉल आला. चष्मा पुसत म्हणाली, "पोरीनं किती विचारपूस केली रे माझी."

लेक मागेच उभी होती. कॉल संपल्यावर तिने विचारलं, "बाबा, विचारपूस म्हणजे काय?"

म्हटलं, "तुझी आजी तुला भूक लागली का विचारते ना, ते."