भिंत उघडी आहे तोवर

छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतली घरं आता पुढच्या पिढीच्या हाती आली आहेत. 1970च्या दशकापासून सिडकोनं वसवत नेलेल्या एन-7, एन-9 अशा वसाहतींत कुठे ना कुठे नूतनीकरणाचं काम चालूच असतं. जुन्या फरश्या निघतात, गिलावा झडतो आणि काही दिवस भिंती उघड्या राहतात. माझं काम त्याच दिवसांतलं. दिवे-पंख्यांची 230 व्होल्टची लाइन वायरमन ओढतो. मी बघते ती इंटरनेट, कॅमेरे, व्हिडिओ डोअरफोन, डिश आणि पाण्याच्या टाकीचे सेन्सर यांची वायरिंग. 5, 12, फार तर 48 व्होल्टच्या आसपास चालणारी. टाइल्सचा रंग ठरवायला लोक महिना घेतात. या वायरींचा विषय मात्र रंगकाम झाल्यावर निघतो, आणि मग नव्याकोऱ्या भिंतीवरून पांढरी पट्टी फिरवावी लागते. मला त्याचं खरोखर वाईट वाटतं.

मागच्या हिवाळ्यात एन-9मधल्या एका काकूंनी विचारलं, "अगं, आता सगळं वायफायवर चालतं ना? मग एवढ्या पाइपा कशाला?" प्रश्न रास्तच होता. मोबाइलला वायफायच लागणार. पण फायबरचं कनेक्शन द्यायला आलेला मुलगा त्याला सोयीचं पडेल तिथेच भोक पाडतो, म्हणून राउटर बहुधा पुढच्या दारापाशी अडकतो. वेगवान 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल काँक्रीटचा स्लॅब ओलांडताना फार मंदावतो. मग वरच्या खोलीत अभ्यासाचा व्हिडिओ अडकत राहतो. वरच्या मजल्यावरच्या छतापर्यंत एक कॅट-6 केबल नेऊन तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट बसवला की ही कटकट संपते. टीव्ही, कॅमेरे, कामाचं टेबल अशा जागच्या न हलणाऱ्या गोष्टी तर थेट केबलवरच ठेवाव्यात.

मी काकूंच्या हातात खडू दिला. सोफा कुठे, टीव्ही कुठे, नातवाचं टेबल कुठे, ते त्यांनीच विटांवर लिहिलं. टीव्हीची जागा लिहून त्या क्षणभर थांबल्या, "इथे नको, देवघरासमोर येतो," म्हणाल्या आणि पुसून पलीकडच्या भिंतीवर लिहिलं. हा बदल त्या दिवशी फुकटात झाला.

सगळ्या पाइपा एकाच ठिकाणी आणायच्या. जिन्याखालची जागा त्यासाठी उत्तम. प्रत्येक खोलीची केबल तिथून स्वतंत्र निघावी. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी साखळी नको. तिथे इन्व्हर्टरवरचे दोन-तीन सॉकेट द्या, म्हणजे लाइट गेले तरी इंटरनेट आणि कॅमेरे चालू राहतात. राउटर वगैरे ठेवायच्या तिथल्या कपाटाला जाळीचं दार करा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 40च्या वर जातो आणि बंद कपाटात ही यंत्रं तापून बंद पडतात.

माझं सगळ्यांना एकच कळकळीचं सांगणं असतं: वायरपेक्षा पाइपाचा विचार जास्त करा. आज घातलेली केबल काही वर्षांनी जुनी होईल. पाइप मोकळा असेल तर भिंत न फोडता नवी ओढता येते. म्हणून 25 मिलिमीटरचा पाइप घ्या, तो निम्म्याहून कमी भरा, कोपऱ्यावर काटकोनी एल्बो न लावता पसरट बेंड वापरा आणि लांब वळणाच्या वाटेत मधेच एक जंक्शन बॉक्स ठेवा. ही युक्ती जुनीच आहे: मलिक अंबरनं 17व्या शतकात या गावाला पाणी आणलं तेव्हा नहर-ए-अंबरीच्या भूमिगत वाटेवर ठिकठिकाणी वर उघडणारी तोंडं ठेवली होती, म्हणूनच ती आतून बघता येत असे, साफ करता येत असे. वापरात नसलेल्या पाइपातही ओढायची तार घालून ठेवा.

230 व्होल्टची लाइन आणि या केबली एका पाइपात कधीही घालू नयेत. समांतर जात असतील तर फूटभर अंतर, एकमेकींना छेदायचंच असेल तर काटकोनात. झिरी मारताना कॉलम-बीमला कटर लावू देऊ नका. भार पेलणाऱ्या विटांच्या भिंतीत लांबलचक आडवी झिरीही नको. गुलमंडीकडच्या जुन्या दगड-चुन्याच्या घरांत तर फोडाफोड टाळून वरून पट्टीच घ्यावी.

केबल घेताना तांबं बघा. बाजारात कॅट-6च्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबलही मिळते. ब्लेडनं तार खरवडली की आतून पांढरी दिसते. कॅमेऱ्याला वीज आणि चित्र एकाच केबलमधून जातं, तिथे हा फरक नडतो. अंधार पडल्यावर कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, तो जास्त वीज ओढतो, लांबच्या हलक्या केबलमध्ये व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा रात्रभर बंद-चालू होत राहतो. दिवसा तपासायला आलेल्या माणसाला तो ठणठणीत दिसतो.

आता आपल्या गावाचं खास काम, पाण्याचं. जायकवाडी उशाला असूनही इथे नळाला काही दिवसांच्या अंतरानं पाणी येतं, म्हणून घरोघरी खाली हौद आणि गच्चीवर टाकी. टाकी भरून वाहिली की जीव तुटतो. लेव्हल सेन्सर मोटर वेळेवर बंद करतो, शिवाय हौद रिकामा झाल्यावर मोटर कोरडी फिरू देत नाही. त्याची बारीक वायर टाकीपासून आणि हौदापासून स्टार्टरपर्यंत स्वतंत्र पाइपातून आणायची, मोटरच्या लाइनसोबत नाही. पाण्यात उघड्या धातूच्या सळ्या सोडणारे स्वस्त सेन्सर बोअरच्या जड पाण्यात क्षार धरतात आणि चुकीचा इशारा देतात. मी चुंबकी फ्लोटचे सुचवते. जोड टाकीच्या झाकणाखाली दमट हवेत ठेवू नये, बाहेर बंद डबीत घ्यावा.

गच्चीवर उन्हात राहणारी केबल बाहेरच्या वापराचीच, काळ्या आवरणाची घ्या. अंगणापलीकडे वेगळी खोली असेल तर तिथवर फायबर न्या. वळवाच्या पावसात आसपास वीज पडली तर तांब्याच्या तारेतून तिचा झटका दोन्हीकडच्या यंत्रांपर्यंत पोचतो, काचेच्या तंतूतून नाही.

गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा मेजरटेप लावून फोटो काढा, म्हणजे पुढे खिळा ठोकताना पाइप कुठे आहे ते कळेल. केबलीच्या दोन्ही टोकांना सारखाच क्रमांक लिहून घ्या. मग टेस्टर लावून आठही तारांचे दिवे ओळीनं लागतात का, ते स्वतः उभं राहून बघा. एखादा दिवा चुकला तर ती केबल तिथल्या तिथे बदलून घ्या आणि तोवर पुट्टीवाल्याला थांबवून ठेवा.