काळ्या दगडाचं वय: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शेंदूरजनाघाटच्या परिसरात संत्र्याच्या बागेसाठी विहीर खणली, की मुरूम सरल्यावर काळा पत्थर लागतो. हा दख्खनच्या लाव्हाचा बेसॉल्ट. त्याचं वय सुमारे ६.६ कोटी वर्षं. अनेकांना हा आकडा अंदाजपंचे वाटतो. तो मोजून काढलेला आहे.

गैरसमज: दगडाचं वय कार्बन पद्धतीनं काढतात.
वस्तुस्थिती: कार्बन पद्धत लाकूड, हाडं अशा एकेकाळी सजीव असलेल्या वस्तूंसाठी, तीही सुमारे ५० हजार वर्षांपर्यंतच. खडकासाठी झिरकॉन या खनिजाचे बारीक स्फटिक शोधतात. स्फटिक घडताना त्यात युरेनियम शिरतं, शिसं मात्र जवळपास शिरत नाही. पुढे युरेनियमचंच शिसं होत जातं. युरेनियम-२३८ निम्मं व्हायला ४४७ कोटी वर्षं लागतात, युरेनियम-२३५ ला ७०.४ कोटी. दोन्हींचं उत्तर जुळलं, तर वयावर भरवसा ठेवता येतो.

गैरसमज: झिरकॉन म्हणजे दागिन्यातला अमेरिकन डायमंड.
वस्तुस्थिती: अमेरिकन डायमंड कारखान्यात बनतो. झिरकॉन हे निसर्गात घडणारं, झिर्कोनियम आणि सिलिकायुक्त खनिज आहे.

गैरसमज: लेझरच वय मोजतो.
वस्तुस्थिती: झिरकॉन तपासण्याच्या एका पद्धतीत लेझर वापरतात, पण तो फक्त नमुना काढतो. केसाच्या जाडीएवढे कण राळेत बसवून घासून गुळगुळीत करतात. लेझर त्यावर सुमारे ३० मायक्रॉन रुंदीचा खड्डा पाडतो. उडालेली भुकटी हेलियम वायू वाहून नेतो, आरगॉनच्या हजारो अंश तापमानाच्या प्लाझ्मात तिचे आयन होतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर ते वस्तुमानानुसार वेगळे करून मोजतो. वय आधीच ठाऊक असलेला कण मधूनमधून तपासावाच लागतो. त्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही.

गैरसमज: कोणताही काळा दगड दिला की वय निघतं.
वस्तुस्थिती: बेसॉल्टमध्ये सिलिका कमी, म्हणून झिरकॉन क्वचितच सापडतो. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांच्या नेतृत्वाखालील चमूला सह्याद्रीत तो मुख्यतः लाव्हाच्या दोन थरांमधल्या लाल मातीत सापडला. ज्वालामुखीच्या राखेबरोबर तो तिथे पडला होता.

गैरसमज: लेझर पद्धत सर्वांत अचूक.
वस्तुस्थिती: ती सर्वांत झटपट म्हणता येईल, दिवसात शेकडो कण तपासते. पण तिच्यात साधारण १ ते २ टक्के फरक राहतो, म्हणजे ६.६ कोटींवर साडेसहा ते तेरा लाख वर्षं. दख्खनचा बहुतेक लाव्हा तर सुमारे साडेसात लाख वर्षांतच ओतला गेला, असा या चमूचा २०१५ चा निष्कर्ष आहे. त्यासाठी त्यांनी कण आम्लात विरघळवून अधिक काटेकोर मोजणी केली. आपल्या वऱ्हाडातल्या लोणार विवराचं ५ लाख ७० हजार वर्षं हे वय तर झिरकॉनऐवजी खडकातला आरगॉन वायू मोजून, म्हणजे आरगॉन पद्धतीनं निघालं.

म्हणून यापुढे खडकाचं वय ऐकलं की तीन प्रश्न जरूर विचारा: कोणत्या कणाचं, कोणत्या पद्धतीनं आणि कमी-अधिक किती? ही उत्तरं नसलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.