गिटारची पेटी आणि मोकळे मैदान

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात काठी या गावी होळीच्या रात्री ढोलांचा जो घोष उठतो, त्याला विजेची गरज कधीच पडली नाही; पोकळ लाकडाच्या दोन्ही तोंडांवर चामडे ताणावे, आतली हवा कोंडून धरावी आणि वरून आघात करावा, एवढ्याच सामग्रीवर सातपुड्यातील वादकांनी दऱ्याखोऱ्यांना ऐकू जाईल असा नाद पिढ्यानपिढ्या उत्पन्न केला आहे. लाकूड, कंप पावणारा पडदा आणि कोंडलेली हवा या तिघांच्या संगनमताने आवाजाचे रूप ठरते, हे ज्ञान ज्या मुलखात इतके जुने आणि इतके अंगवळणी पडलेले आहे, त्या मुलखातील वाचकांपुढे इलेक्ट्रिक गिटारच्या स्पीकरची पेटी, म्हणजेच वादक मंडळी जिला ‘कॅबिनेट’ किंवा नुसते ‘कॅब’ म्हणतात ती वस्तू, चर्चेस घेणे अप्रस्तुत ठरू नये.

गिटार या जिल्ह्यास आता परकी राहिलेली नाही. लग्नसराईत मोटारीवर ध्वनिवर्धक चढवून वरातीपुढे चालणाऱ्या बँडमध्ये बँजो, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड यांच्या शेजारी ती अधूनमधून दिसते. गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रात तिच्यावाचून चालत नाही. आणि नवापूर तालुक्यातील ख्रिस्ती उपासनामंदिरांत गीतांच्या साथीला ती असतेच. परंतु गिटार निवडताना जो तरुण लाकडाचा पोत न्याहाळतो, तारांची उंची तपासतो आणि दहा जणांचा सल्ला घेतो, तोच स्पीकरची पेटी घेण्यासाठी ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने सुरतेस गेला म्हणजे वॅटचा आकडा आणि किंमत या दोन बाबी पाहून सौदा मुकरर करतो. अशा खरेदीत वाद्याचा अर्धा भाग न तपासताच पदरात पडतो, कारण इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत स्पीकर व त्याची पेटी ही केवळ आवाज वाहून नेणारी हमाल मंडळी नव्हेत, तर वीणेच्या भोपळ्याइतकीच ती वाद्याची अंगे होत.

ज्याला आपण आज स्पीकर म्हणतो, त्याचे शास्त्रशुद्ध रूप अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन संशोधकांनी 1925 साली जगापुढे मांडले. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, त्या वेटोळ्यास जोडलेला कागदाचा शंकू, वेटोळ्यातून विजेचा प्रवाह गेला की शंकू पुढेमागे हालावा आणि त्याने समोरची हवा ढकलावी, ही रचना शंभर वर्षांनंतरही मूलतः तीच आहे. मात्र रेडिओचा किंवा सभेचा स्पीकर आणि गिटारचा स्पीकर यांची ध्येये परस्परविरुद्ध आहेत. पहिल्याने जसे मिळेल तसे निमूटपणे ऐकवावे, अशी अपेक्षा असते. दुसऱ्याने मात्र मिळालेल्या आवाजाला स्वतःचा रंग द्यावा, म्हणूनच तो बनविलेला असतो. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सुमारे 82 हर्ट्झचा असतो, आणि गिटारचा बारा इंची स्पीकर 5,000 हर्ट्झच्या पुढे झपाट्याने मुका होऊ लागतो. मनुष्याचा कान 20,000 पर्यंत ऐकू शकतो हे लक्षात घेतले, तर हा उघड उघड दोष ठरावा. परंतु हाच दोष गिटारला तारतो. विस्फारलेला, फाटलेला जो आवाज आधुनिक गिटारवादकास प्रिय असतो, त्यातील कर्कश वरचा अंश हा शंकू गाळून टाकतो. तोच आवाज सभेच्या कर्ण्यातून थेट ऐकविला, तर श्रोते कानांवर हात ठेवतील, आणि त्यात त्यांचा काही अपराध नसेल.

आता पेटीकडे वळू. शंकू पुढे गेला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी पाठीमागची विरळ होते; म्हणजे पुढून निघणारी लहर व मागून निघणारी लहर एकमेकींच्या नेमक्या उलट असतात, आणि स्पीकर उघडा टांगला तर खर्जाच्या लांब लहरी कडेने वळून परस्परांस भेटतात व एकमेकींना खाऊन टाकतात. पेटी ही मूलतः या दोघींची गाठ पडू नये म्हणून केलेली तजवीज होय. ती पाठीमागून पूर्ण बंद केली, तर खर्ज भरीव व आटोपशीर लागतो, आतली कोंडलेली हवा शंकूला स्प्रिंगसारखा आधार देते आणि आवाज मुख्यत्वे समोर जातो. तिची पाठ अर्धी उघडी ठेवली, तर खर्ज थोडा ढिला व हलका होतो, परंतु मागून निघालेला आवाज भिंतीवर आपटून परततो आणि खोलीत बसलेल्यास सर्व बाजूंनी नाद येत असल्याचा सुखद भास होतो. विलायतेतील व्हॉक्स कंपनीचा एसी-30 हा प्रसिद्ध अँप्लिफायर उघड्या पाठीचा, तर लंडनच्या पश्चिम भागात हॅनवेल येथे वाद्यांचे दुकान चालविणारे ड्रमवादक जिम मार्शल यांनी 1960 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत घडविलेली चार स्पीकरची पेटी बंद पाठीची. चार स्पीकर घालण्याचे कारण त्या वेळी मोठे व्यावहारिक होते: त्या काळचे स्पीकर फारसा भार पेलत नसत, सबब तो चौघांत वाटून देणे प्राप्त होते. पुढे ही निकडीतून जन्मलेली वस्तू रंगमंचावर पराक्रमाचे प्रतीक होऊन बसली, आणि आजही कित्येक वादक तिच्या आवाजापेक्षा तिच्या आकारावरच अधिक भाळतात.

उघड्या व बंद पाठीचा हा वाद पुस्तकांत सहसा बंद खोली गृहीत धरून मांडलेला असतो. आपल्याकडे वादन होते ते शाळेच्या पटांगणात, बाजारपेठेच्या चौकात किंवा वरातीच्या वाटेवर. तेथे मागे भिंत नसते, वर छत नसते. उघड्या पाठीच्या पेटीचे सगळे सौंदर्य भिंतीच्या औदार्यावर अवलंबून असल्यामुळे मैदानात तिचा मागचा आवाज शेतात निघून जातो आणि समोरच्या श्रोत्याच्या वाट्यास एक पातळ, खर्जहीन नाद येतो. शिवाय मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो: एका मीटरवर 100 डेसिबल असेल, तर 2 मीटरवर 94, 8 मीटरवर 82 आणि 32 मीटरवर जेमतेम 70. त्यात बारा इंची शंकूचा तीव्र स्वरांचा झोत विजेरीच्या प्रकाशासारखा अरुंद असतो; समोर मधोमध उभ्या असलेल्याचे कान किटतात आणि बाजूला बसलेल्यास सारे मंद, गुरगुरल्यासारखे ऐकू येते. तेव्हा मैदानासाठी बंद पाठ आणि लहान सभागृहासाठी किंवा उपासनामंदिरासाठी उघडी पाठ, हा ठोकताळा मी तरी पसंत करीन.

वॅटच्या आकड्याविषयी मात्र थोडे कठोर बोलणे भाग आहे, कारण बाजारात सर्वांत अधिक दिशाभूल त्याच्याच नावाने होते. पेटीवर लिहिलेले वॅट हे तिच्या आवाजाचे माप नसून सहनशक्तीचे माप असते. इतका भार घातल्यास वेटोळे जळणार नाही, एवढेच ते सांगते. आवाज किती मोठा होईल, हे कळण्यासाठी दुसरा आकडा पाहावा लागतो, तो म्हणजे एक वॅट दिल्यास एक मीटरवर किती डेसिबल मिळतात हा. सेलेशन या 1924 पासूनच्या इंग्रज कंपनीचा ‘व्हिंटेज 30’ हा स्पीकर घ्या: नावात 30 असले तरी तो 60 वॅट पेलतो आणि एका वॅटला 100 डेसिबल देतो. त्याच कंपनीचा ‘जी-12टी-75’ हा 75 वॅट पेलतो, पण 97 डेसिबलच देतो. अंतर तीनच डेसिबलचे. तथापि तीन डेसिबल म्हणजे शक्तीची दुप्पट, म्हणून पहिल्यास 30 वॅट देऊन जे काम होते त्यासाठी दुसऱ्यास 60 वॅट मोजावे लागतात. एवढ्यानेही भागत नाही: कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यास सुमारे 10 डेसिबलची, म्हणजे दसपट शक्तीची गरज असते. दहा वॅटच्या जागी शंभर वॅटचे यंत्र, म्हणजे अँप्लिफायर, आणणाऱ्याने खर्च कितीही पट केला, तरी आवाज दुप्पटच वाटणार, हे समजून पैसे मोजावेत.

ओहमचा, म्हणजे स्पीकरच्या विद्युत्-अवरोधाचा, हिशेब शाळेतल्या पदार्थविज्ञानाचाच आहे. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर 4 होतात, एकामागोमाग जोडले तर 16; सोळाचे चार स्पीकर दोन-दोनच्या जोड्या करून मांडले तर पुन्हा 16 च उरतात. ट्रान्झिस्टरच्या यंत्रास त्याच्यावर लिहिलेल्या किमान ओहमपेक्षा खाली उतरू देऊ नये, आणि व्हॉल्व्हच्या यंत्रास जुळणारा ओहम द्यावा व स्पीकर जोडल्याविना ते कधीही चालू करू नये. यंत्रापासून पेटीपर्यंतची तार गिटारची नव्हे, स्पीकरची जाड दुपदरी असावी; बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात म्हणून येथे हयगय फार होते.

लाकडाविषयी वादक मंडळींत धर्मयुद्धासारखे वाद चालतात. बर्चच्या प्लायवूडची पेटी ताठ व टिकाऊ, पाइनची हलकी आणि स्वतःही थोडी बोलणारी, एमडीएफची जड; हे भेद खरे आहेत, परंतु ते स्पीकर बदलल्याने पडणाऱ्या फरकापुढे किरकोळ आहेत. या जिल्ह्यात लाकडाची निवड नादापेक्षा हवामानावर व रस्त्यावर करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एमडीएफ एकदा पावसात भिजले की फुगते आणि स्क्रूची पकड सोडते. शहाद्याहून धडगावास घाटरस्त्याने टेंपोतून जाणाऱ्या पेटीचे कोपरे लोखंडी पत्र्याने मढविलेले नसतील, तर सांधे लवकरच बोलू लागतात. आणि चार बारा इंची स्पीकरची पेटी 35 किलोंहून अधिक भरते, हे ती मोटारीवर चढविणाऱ्याच्या कंबरेस विचारावे. वैशाखातील उन्हाचाही विचार हवा. वेटोळे तांब्याचे असते, आणि तांबे तापले की त्याचा विद्युत्-अवरोध वाढतो. जोरात वाजणाऱ्या स्पीकरचे वेटोळे 200 अंशांपर्यंत चढू शकते, त्या वेळी अवरोध मूळच्या दीडपटीहून अधिक होतो व यंत्र तेच असूनही आवाज दबतो. अशा वेळी वादक स्वाभाविकपणे बटण आणखी फिरवितो आणि वेटोळे आणखी तापते. पेलण्याच्या क्षमतेत ऐसपैस अंतर ठेवणे, म्हणजे 30 वॅटच्या यंत्रामागे 60 वॅट पेलणारा स्पीकर लावणे, हाच यावर सुरक्षित तोडगा होय.

दोन पेट्यांची तुलना करताना मनुष्याचा कान सहजी लाच खातो. जी पेटी किंचित मोठ्याने वाजते तीच त्याला अधिक चांगली वाटते. म्हणून तुलना करण्यापूर्वी दोहोंचा आवाज समान पातळीवर आणणे हे पहिले कर्तव्य, आणि आता मोबाइलवर डेसिबल मोजण्याची सोय असल्याने ते अवघडही राहिलेले नाही. गिटार एकच असावी, यंत्र एकच असावे, बटणे जागची हलू नयेत, आणि दोन्ही पेट्या जमिनीपासून सारख्याच उंचीवर असाव्यात, कारण जमिनीवर टेकलेली किंवा कोपऱ्यात सरकवलेली पेटी फुकटचा खर्ज कमावते. दुकानात वादक पेटीशेजारी उभा राहून वाजवितो, तेव्हा शंकूचा झोत त्याच्या गुडघ्यांना ऐकू जातो, कानांना नव्हे; तेव्हा दुसऱ्यास वाजवायला सांगून आपण चार पावले मागे, मग एका बाजूला जाऊन ऐकावे. दुकानात एकट्याने वाजविताना जो खर्ज राजेशाही वाटतो, तोच ढोल व बास यांच्या सोबतीत चिखल होऊन बसतो. शक्य असेल तर मागे मोबाइलवर तालाचा ठेका लावून ऐकावे. नवा स्पीकर थोडा करडा असतो आणि वापराने मवाळ होतो, हेही ध्यानात असू द्यावे.

एवढे सगळे सांगितल्यावर मोठ्या मैदानासाठी मोठी पेटी घ्या, असा निष्कर्ष कोणी काढील. मी त्याच्या उलट सांगेन. एका बारा इंची स्पीकरची चांगली पेटी, तिच्यासमोर एक मायक्रोफोन, आणि पुढचे काम मंडपवाल्याच्या ध्वनिवर्धकांवर सोपविणे, हा मार्ग पैसा, कंबर आणि नाद या तिन्ही बाजूंनी श्रेयस्कर आहे. 1965 पासून बाजारात असलेला शुअरचा एसएम-57 याच कामासाठी जगभर वापरला जातो; तो शंकूच्या मध्याशी धरला तर आवाज धारदार येतो, कडेकडे सरकवला तर मऊ होतो, आणि अंगुळभर सरकविण्याने जो फरक पडतो तो पुष्कळदा हजारो रुपयांच्या नव्या स्पीकरनेही पडत नाही. पेटीच न नेता तिचे ध्वनिरूप साठविलेले छोटे उपकरण थेट मिक्सरला जोडण्याचीही सोय आता झाली आहे, आणि पावसाळ्यात दुचाकीवरून जाणाऱ्या वादकास ती मोहात पाडील यात नवल नाही.

सरकारी फर्मानही लहान पेटीच्याच बाजूचे आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धकास मनाई आहे, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबलची आहे. वर दिलेला 32 मीटरवरचा 70 चा आकडा ‘व्हिंटेज 30’ सारखा एकच स्पीकर एका वॅटवरच गाठतो, हे पाहिले म्हणजे पेट्यांचे डोंगर रचणाऱ्यास पोलीस ठाण्यातून बोलावणे येण्यास किती थोडे पुरते ते उमगेल.

आणि सुरतेहून तयार पेटीच आणली पाहिजे, असेही नाही. स्पीकर तेवढा विकत घ्यावा व खोके गावच्या सुताराकडून करून घ्यावे. साध्या प्लायऐवजी 18 मिलिमीटरचे मरीन प्लाय, सांधे सरसाने चिकटवून वर स्क्रू, पुढच्या फळीला सुमारे 11 इंच व्यासाचे भोक (अर्थात नेमके माप हातात आलेल्या स्पीकरवरून घ्यावे), आणि पाठीला एका फळीऐवजी तीन आडव्या फळ्या, ज्यांपैकी मधली स्क्रू काढून वेगळी करता यावी. मैदानात वाजवायचे असेल तेव्हा ती बसवावी, उपासनामंदिरात किंवा घरी काढून ठेवावी. सुताराला एवढे मात्र बजावावे की मधल्या फळीच्या कडांना फोमची पट्टी लावायला विसरू नकोस, नाही तर खर्जाच्या प्रत्येक स्वराबरोबर ती फळी खडखडत राहील.