एका रात्रीचा निवाडा : जपानच्या ‘के-वन’ची वाटचाल

१९९३ सालच्या ३० एप्रिलला तोक्योच्या योयोगी क्रीडागृहात जे आठ योद्धे जमले, त्यांत कोणी कराटेच्या शिस्तीत वाढलेला, कोणी थायलंडच्या मुआय थाईत मुरलेला, तर कोणी नेदरलँड्सच्या तालमीत घडलेला होता. आणि या सर्वांना एकाच नियमाखाली, एकाच रात्रीत झुंजवून त्यांत श्रेष्ठ कोण याचा निवाडा करावयाचा, असा तो घाट होता. इनाम एक लक्ष डॉलरांचे. पीटर आर्ट्स, मॉरिस स्मिथ आणि घरचा मासाकी साताके ही नावे लोकांच्या तोंडी असताना ते इनाम नेले ३८ वर्षांच्या ब्रांको सिकाटिच या क्रोएशियन गृहस्थाने. अंतिम झुंजीत त्याने डच एर्नेस्टो होस्टला पहिल्याच फेरीत ठोशाने आडवे केले. ज्या वयात या धंद्यातली माणसे हातमोजे खुंटीला टांगतात, त्या वयात हा पुरुष एका नव्या परंपरेचा आद्य मानकरी ठरला.

या योजनेचा सूत्रधार काझुयोशी इशी. क्योकुशिन कराटेच्या परंपरेत शिकलेल्या या माणसाने १९८० साली ओसाकात ‘सेईदोकाइकान’ ही स्वतःची शाखा काढली. शिष्य त्याला ‘कांचो’, म्हणजे कराटेगृहाचा प्रमुख, म्हणत. परंतु त्याची खरी प्रतिभा प्रेक्षकाचे मन ओळखण्यात होती. कराटे, किकबॉक्सिंग, कुंग-फू, केम्पो या साऱ्यांचे आद्याक्षर ‘के’, आणि त्यांत अव्वल तो एकच, अशी ‘के-वन’ या नावाची फोड सांगतात. कोणती विद्या थोर हा वाद गुरूंच्या गाद्यांइतकाच जुना. तो शब्दांनी न मिटवता रिंगणात आणि तिकीट लावून मिटवावा, ही युक्ती मात्र इशीची.

अर्थात, जमीन आधीच नांगरलेली होती. ‘किकबॉक्सिंग’ हे नावच मुळी जपानी मुष्टियुद्ध-व्यवस्थापक ओसामू नोगुची याने रूढ केले, आणि १९६६ पासून त्याने भरविलेल्या सामन्यांतून तादाशी सावामुरा हा दूरचित्रवाणीचा लाडका नायक झाला. त्याच काळात केंजी कुरोसाकी या कठोर गुरूने मेजिरो ही तालीम उभी केली. तेथे शिकून गेलेल्या यान प्लास या डच शिष्याने १९७८ साली आम्सटरडॅममध्ये त्याच नावाची तालीम काढली. जपानने परदेशी पेरलेले हे बी असे फोफावले, की १९९३ ते २०१० या अठरा वर्षांतील अवजड गटाची पंधरा अजिंक्यपदे डच योद्ध्यांनी नेली : होस्ट आणि दोन मीटरांहून अधिक उंची असलेला सेमी शिल्ट यांनी प्रत्येकी चार, आर्ट्स आणि रेमी बोंजास्की यांनी प्रत्येकी तीन, आणि अखेरचे आलिस्टर ओव्हरीमने. या मुख्य स्पर्धेत यजमान जपानचा एकही पुत्र अजिंक्य झाला नाही, आणि तरीही जपानी प्रेक्षकाने ती डोक्यावर घेतली.

याचे रहस्य नियमांत आहे. तीन मिनिटांची एक फेरी, अशा तीन फेऱ्या. कोपराचा प्रहार वर्ज्य. प्रतिस्पर्ध्याच्या मानेला विळखा घालून वेळ काढण्यास उत्तरोत्तर मज्जाव. थाई पंडितांना हा आपल्या विद्येचा संकोच वाटला असेल. परंतु परक्या प्रेक्षकाला जे उमगत नाही ते वगळून जे डोळ्यांना पटते ते ठेवावे, हे त्यामागील धोरण होते. शिवाय एका रात्रीत तीन झुंजी जिंकावयाच्या, म्हणजे पहिल्या झुंजीत सुजलेली पोटरी तिसऱ्या झुंजीत जाब विचारणार. या व्यवस्थेत दैवाचाही वाटा असे. २००२ साली बॉब सॅप या अजस्र अमेरिकनाने होस्टला उपांत्यपूर्व फेरीत धूळ चारली, पण हाताच्या दुखापतीमुळे सॅप पुढे लढू शकला नाही. सबब पराभूत होस्टलाच परत बोलावण्यात आले, आणि त्याने त्याच रात्री आपले चौथे अजिंक्यपद मिळविले! न्यायनिष्ठ वाचकाने भुवया उंचावाव्यात. प्रेक्षकाने टाळ्या वाजविल्या.

जपानी मनाने ज्याला खरा आपला मानला तो स्विस होता. अँडी हुग हा देहाने या अवजड मंडळींत लहानखुरा. पाय डोक्यापलीकडे उचलून टाच कुऱ्हाडीसारखी खाली आणण्याची त्याची लाथ प्रसिद्ध होती. १९९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या माइक बर्नार्डोने त्याला दोनदा पराभूत केले. पुढल्याच वर्षी, ६ मे १९९६ रोजी, योकोहामाच्या अंतिम झुंजीत तोच बर्नार्डो समोर उभा राहिला. दुसऱ्या फेरीत हुगने पाठ फिरवून गिरकी घेतली, आणि बर्नार्डो डोके राखीत असता टाच त्याच्या मांडीवर उतरली. तो धिप्पाड पुरुष पाय धरून कोसळला. २४ ऑगस्ट २००० रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने हुगचे तोक्योतच निधन झाले, तेव्हा जपानने घरच्या माणसासारखा त्याचा शोक केला.

१९९७ पासून अंतिम सामने तोक्यो डोमच्या विस्तीर्ण छताखाली गेले. २००२ पासून सत्तर किलोंच्या गटासाठी ‘मॅक्स’ ही शाखा निघाली. तेथे मासातोने २००३ आणि २००८ साली बाजी मारून जपानी चाहत्यांची भूक भागविली, आणि थायलंडच्या बुआकावने दोनदा अजिंक्यपद नेले. वैभवाचा कळस झाला २००३ च्या वर्षअखेरीच्या रात्री. सुमोचा माजी योकोझुना, म्हणजे सर्वोच्च पदाचा मल्ल, आकेबोनो आणि सॅप यांची झुंज नागोयात लागली, आणि त्या रात्री देशभर घरोघरी पाहिल्या जाणाऱ्या सार्वजनिक वाहिनीवरील गानमैफलीलाही प्रेक्षकसंख्येत या झुंजीने काही मिनिटे मागे टाकले. आकेबोनो पहिल्याच फेरीत पालथा पडला. तमाशा मोठा झाला. परंतु विद्येची परीक्षा हा मूळ हेतू त्यात किती उरला होता, हा प्रश्न तेव्हाच विचारावयास हवा होता.

कारण त्याच वर्षाच्या आरंभी करचुकवेगिरीच्या आरोपावरून इशीला अटक झाली होती. पुढे शिक्षा झाली आणि त्याने तुरुंगवासही भोगला. कारभार सादाहारू तानिकावा यांच्या नव्या कंपनीकडे गेला. रिंगणातील झगमगाट चालू राहिला, पण दफ्तरातला जमाखर्च जुळेना. योद्ध्यांची देणी थकली, तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या, आणि २०१२ साली कंपनीचे दिवाळे वाजले. नावाचे हक्क परक्या हाती गेले. २०१४ च्या नोव्हेंबरात नव्या चालकांनी योयोगीतच, हलक्या वजनाच्या तरुणांना पुढे करून, पुन्हा आरंभ केला. त्या पिढीचा नायक ताकेरू. १९ जून २०२२ रोजी तोक्यो डोममध्ये प्रतिस्पर्धी संस्थेच्या तेन्शिन नासुकावाकडून तो गुणांवर पराभूत झाला, तेव्हा छप्पन्न हजारांहून अधिक लोक साक्षीला होते.

सारांश, के-वनचे मालक बदलले, हिशेब बुडाले, नायक निवर्तले. टिकले ते नियम. जगातील हौशी किकबॉक्सिंगच्या स्पर्धांत, आणि म्हणून आपल्या देशातील स्पर्धांतही, आज ‘के-वन’ हे एका प्रकाराचेच नाव आहे; आणि त्या गटात नाव नोंदविणाऱ्या मुलामुलींपैकी बहुतेकांनी इशी कांचोचे नाव ऐकलेलेही नसेल.